आईबाबांना न्यूमोनियाची लस : "आम्हाला काय झालंय?"

गवती_चहा (धागाकर्ती)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं पुढच्या महिन्यात लसीकरण शिबिर घ्यायचं ठरवलंय. फ्लू आणि न्यूमोकोकल (म्हणजे न्यूमोनियाची), दोन्ही. बाबा संघाचे चिटणीस, त्यामुळे पत्रं टाइप करणं, व्हॉट्सॅपवर निरोप टाकणं, खुर्च्या मोजणं ही खाती आपोआप माझ्याकडे. रविवारी एका फिजिशियनना बोलावलं होतं. त्यांनी छान समजावलं, स्लाइड दाखवल्या, शंका विचारा म्हणाले. शंका आल्या त्या सगळ्या गुडघ्यांच्या. मग बटाटेवडे झाले आणि नावं लिहायला वही फिरवली. हॉल भरलेला, आणि वही जवळजवळ कोरीच परत आली.

वही घेऊन मीच फिरत होते, त्यामुळे उत्तरं थेट कानावर पडली. "आम्हाला काय झालंय? मला साधी सर्दी होत नाही." "न्यूमोनिया पोरांना होतो गं." "करोनाच्या घेतल्या की इतक्या, आता पुरे." "आमचे डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांना विचारते." "मुलाला फोन करून सांगतो." एक आजोबा हसून म्हणाले, "पंच्याहत्तरीनंतर माणसाची एक्स्पायरी बघायची, लसीची नाही." यावर सगळी रांग खो खो हसली आणि त्या रांगेतून एकही नाव आलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य मात्र बायकांचं: "ह्यांचं नाव लिही, माझं राहू दे." माझी आईसुद्धा त्यातच. मधुमेह आईला आहे, बाबांना नाही.

इथे डॉक्टर आहेत, ज्येष्ठ आहेत, परदेशातले आहेत. तुमच्या घरी काय चित्र आहे? घेतली असेल तर कशामुळे घेतली, नसेल तर का नाही? मला 'अडाणीपणा' वगैरे उत्तरं नकोत. हॉलमधले निम्मे लोक बँक आणि शाळांमधून निवृत्त झालेले आहेत.

---

शेवंती

आमच्याकडे लस नंतर आली, आधी न्यूमोनिया आला.

मागच्या पावसाळ्यात साबा (सासूबाई) दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ताप नाही, खोकला जेमतेम. तिसऱ्या दिवशी मला नणंदेच्या नावानं हाक मारायला लागल्या आणि बाथरूमपाशी तोल गेला. आम्हाला वाटलं वय झालं, विसरायला लागल्या. नवऱ्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं करोनातलं ऑक्सिमीटर ड्रॉवरमधून काढलं. ८४. पुढचं काय सांगू, आयसीयू, मग वॉर्ड, मग घरी कॉट, बेडपॅन, फिजिओ. अजूनही काठी सुटलेली नाही. आधी त्या एकट्या भाजी आणायच्या.

डिस्चार्जच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, लस घेतली होती का? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बीपी-शुगरसाठी दर महिन्याला फॅमिली डॉक्टरकडे जातात, पंचवीसएक वर्षं. एकदाही विषय निघाला नव्हता.

---

टिचकी

+१. 'डॉक्टर काही बोलले नाहीत' हेच खरं कारण. आमच्या बाबांना त्यांच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, "दिवाळीच्या आधी ही घेऊन टाका." बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मी वर्षभर लिंका पाठवत होते त्यांचा शून्य उपयोग.

---

बाराखडी

मी नाशिकला फिजिशियन आहे. शेवंती यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया पुष्कळदा असाच येतो. ताप नसतो, छातीत दुखत नाही. जेवण तुटतं, माणूस बरळतो, पडतो. घरचे चार दिवस 'वयोमानानुसार' म्हणून काढतात आणि तेच चार दिवस महत्त्वाचे असतात.

आता लसीबद्दल. न्यूमोनिया अनेक जंतूंनी होतो. ही लस त्यांतल्या एकाच जंतूविरुद्ध आहे, न्यूमोकोकस. हा लहान मुलांच्या नाकाघशात मुक्कामाला असतो, मुलांना पुष्कळदा काही होतही नाही, आणि नातवंडांना मांडीवर घेणाऱ्या आजीपर्यंत पोचतो. याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, जंतूच्या बाहेरच्या साखरेच्या कवचावरून ओळखले जातात. लसीच्या नावातला आकडा म्हणजे तितक्या प्रकारांची कवचं त्यात आहेत. जिवंत जंतू न्यूमोकोकसच्या कुठल्याच लसीत नाही, त्यामुळे 'लसीनंच न्यूमोनिया होतो' हे शक्य नाही.

दोन जाती आहेत. एक २३ प्रकारांची जुनी, नुसत्या कवचाची. ही १९८३ पासून वापरात आहे. दुसरी कॉन्ज्युगेट, म्हणजे कवच एका प्रथिनाला जोडलेलं. त्यामुळे शरीर ते जास्त चांगलं लक्षात ठेवतं. ही १३, १५, २० अशा आकड्यांत येते. २० ची घेतली तर एका इंजेक्शनात काम संपतं. १३ किंवा १५ ची घेतली तर साधारण वर्षानं २३ ची देतात. प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर हे अंतर कमी करतात, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. फ्लूची लस मात्र दरवर्षी.

डॉक्टर का सांगत नाहीत? कारणं कौतुकाची नाहीत. ओपीडीत बाहेर रांग असते, शुगरची चिठ्ठी लिहून होते न होते तोवर पुढचा पेशंट आत. लस महाग, फ्रिजमध्ये ठेवावी लागते, खपली नाही तर पैसे अडकतात, म्हणून बरेच जण ठेवतच नाहीत. आणि आजारी नसलेल्या माणसाला चार हजारांची वस्तू सुचवली की त्याच्या चेहऱ्यावर 'यात ह्यांचं किती?' हे स्पष्ट दिसतं. ते एकदा दिसलं की डॉक्टर पुढच्या वेळी गप्प बसतो.

---

हिंगाष्टक

चेहऱ्यावर दिसतं कारण प्रश्न रास्त आहे.

नेदरलँड्समध्ये या १३ वाल्या लसीची सर्वांत मोठी चाचणी झाली. पैसा कंपनीचाच. २०१५ साली निकाल छापून आला. कुठल्याही कारणानं झालेला न्यूमोनिया मोजला तर लस घेतलेल्यांत ७४७ आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत ७८७. हा काय फरक झाला? एवढ्यासाठी दोघांचे आठ हजार? त्यापेक्षा आईला चांगला दमट नसलेला फ्लॅट घेऊन द्या.

आणि करोनाच्या वेळीही 'पूर्ण सुरक्षित' असंच सांगितलं होतं. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टात कोविशील्डच्या मूळ कंपनीनंच (अ‍ॅस्ट्राझेनेका) रक्ताच्या गुठळ्यांचं मान्य केलं. लोक विसरलेले नाहीत.

---

दशांश

हिंगाष्टक, आकडे बरोबर आहेत पण ताटातली एकच वाटी दाखवलीत.

ती चाचणी ६५ च्या पुढच्या ८४,४९६ लोकांवर झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना खोटं इंजेक्शन, सरासरी चारेक वर्षं पाठपुरावा. लसीतल्या तेरा प्रकारांमुळे झालेला न्यूमोनिया मोजला तर लसवाल्यांत ४९ आणि दुसऱ्या गटात ९०. तेच जंतू रक्तात वगैरे शिरून होणारा गंभीर आजार ७ विरुद्ध २८. म्हणजे ज्या कामासाठी लस बनवली ते काम ती करते, एकात निम्म्याच्या जवळपास, दुसऱ्यात चारांतले तीन. तुम्ही दिलेला आकडा सगळ्या न्यूमोनियांचा आहे. त्यात विषाणू आले, इतर जिवाणू आले, ठसका लागून फुप्फुसात अन्न गेलेलेही आले. या लसीनं ते थांबतील असं कुणी म्हटलेलंच नाही.

पण दुसऱ्या बाजूचंही लिहितो. बेचाळीस हजारांना टोचल्यावर त्या चाचणीत लसीच्या प्रकारांचे ४१ न्यूमोनिया कमी झाले, ढोबळमानानं हजारामागे एक. हा डोंगराएवढा आकडा नाही. शिबिरात स्लाइडवर फक्त टक्के दाखवतात आणि लोकांना कुठेतरी जाणवतं की काहीतरी फुगवून सांगताहेत. निवृत्त बँकवाल्यांना तर जाणवणारच.

माझ्या वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, त्यांना मी आग्रहानं दिली. माझा मामा सदुसष्टचा, पर्वती चढतो, औषध एकही नाही. त्याला हेच आकडे दिले आणि म्हटलं तू ठरव. तो अजून ठरवतोय, आणि मला ते चालतंय.

---

बाराखडी

दशांश, उत्तम. दोन गोष्टी जोडतो. ४९ आणि ९० हे लघवीच्या खास तपासणीत किंवा कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) पकडले गेलेले. बऱ्याच न्यूमोनियांत जंतू सापडतच नाही, म्हणून खरा आकडा याहून थोडा मोठा असू शकतो. दुसरं, त्या चाचणीत प्रतिकारशक्ती खालावलेले लोक घेतलेले नव्हते. आपल्याकडे साठीच्या पुढे मधुमेह, जुनी टीबी, बिडी, हृदयाचा अशक्तपणा, किडनी यांपैकी काहीतरी असतंच असतं. धोका जितका जास्त तितका त्याच लसीचा फायदा जास्त.

करोनाच्या लसीबद्दल: तो गुठळ्यांचा दुष्परिणाम खरा होता, अत्यंत दुर्मीळ होता, आणि एका वेगळ्या विषाणूच्या गाडीवर बसवून दिलेल्या लसींशी जोडलेला होता. न्यूमोकोकलच्या लसीत तशी गाडीच नाही. हात दुखणं, कणकण, एकदोन दिवस थकवा, एवढं साधारण होतं. आधीच्या डोसला तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर मात्र घेऊ नये.

आणि 'लोक विसरलेले नाहीत' याच्याशी मी सहमत आहे. करोनात सर्टिफिकेट नसेल तर लोकलमध्ये चढू दिलं नाही, मॉलमध्ये सोडलं नाही. तेव्हा कुणी मर्जी विचारली नव्हती. तो राग आता दुसऱ्याच लसीवर निघतोय.

---

हिंगाष्टक

दशांश यांचा प्रतिसाद पटला. 'हजारामागे एक' असं सरळ सांगणारा पहिला माणूस भेटला. कंपनीबद्दलचं मत कायम. :)

---

अण्णा_४९

धागा वाचला. आम्ही हॉलच्या बाहेर उभे आहोत आणि आत आमच्याविषयी चर्चा चालली आहे, असं वाटलं. म्हणून आत येऊन बोलतो. सांगलीचा, वीज मंडळातून निवृत्त, वय नावावरून काढा.

पहिली गोष्ट पैशाची. आमच्या संघात कारखान्यातून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. मिळून मिळून दोन-तीन हजार मिळणारेही कमी नाहीत. त्यांना तुम्ही जोडीनं आठ हजार सांगता. मग ते मुलाकडे मागायचे. पाय मोडला तर मुलाकडे मागता येतात, तो स्वतःच धावत येतो. ठणठणीत असताना, टीव्ही बघत बसलेलं असताना, "मला इंजेक्शनला चार हजार दे" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? 'मुलाला फोन करून सांगतो' याचा अर्थ हा आहे. तो फोन कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट, व्याख्यानात डॉक्टर मरणाचे आकडे सांगतात. आमच्या वयाला मरणाचं काय सांगता? रोज पेपर उघडला की आधी तेच पान बघतो आम्ही. आमची एकच इच्छा असते, हातपाय चालताहेत तोवर जावं, कुणाला करायला लागू नये. शेवंतीताईंनी बेडपॅनचं लिहिलं, काठी सुटली नाही लिहिलं, ते वाचून मी उठून बसलो. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. न्यूमोनियातून वाचलेला म्हातारा पूर्वीसारखा राहत नाही, हे आम्हाला सांगा. त्याची भीती आहे आम्हाला.

तिसरी, बायकांची. आमच्या सौ. म्हणतात, "तुम्ही घ्या, मी कुठे बाहेर जाते?" घरात नातू पाळणाघरातून रोज नवा शेंबूड घेऊन येतो आणि तो पुसतात त्याच.

---

टिचकी

अण्णा _/\_

---

शेवंती

अण्णा, 'मी कुठे बाहेर जाते' हे साबांचं पेटंट वाक्य आहे. चष्म्याचा नंबर, दात, कानाचं मशीन, सगळ्यांना हेच उत्तर. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, साबांचं अजून राहिलंय. आणि कुणी अडवलं आहे असंही नाही. नवरा म्हणतो, आई नको म्हणते. ती एकदा 'नको' म्हणते आणि आपण सगळे पटकन ऐकतो, एवढ्या आज्ञाधारकपणे आपण तिचं दुसरं काहीही ऐकत नाही.

---

मुद्दल

थोडे सरकारी आकडे, म्हणजे गवती_चहा यांना आपली वही फार वाईट वाटायला नको.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर वयस्क लोकांची मोठी पाहणी केली, ७२ हजारांवर लोक, ४५ वर्षं आणि पुढचे. त्यात न्यूमोकोकल लस कधीतरी घेतलेले निघाले ०.६ टक्के. फ्लूची १.५ टक्के. हे करोनाच्या आधीचं आहे. म्हणजे दोन-चार नावं आली असतील तर तुमची सोसायटी देशाच्या पुढे आहे.

आता गंमत बघा. हीच कॉन्ज्युगेट जातीची लस सरकारी कार्यक्रमात बाळांना फुकट मिळते. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस. बाळांसाठीची स्वस्त लस तर आपल्या पुण्याच्या सीरमनं बनवली आहे. आजी बाळाला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात जाते, बाळाला फुकट मिळते, आजीला मांडीवर बाळ मिळतं.

आणि सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत. अ‍ॅडमिट झालात तर. लस ओपीडीतली, ती त्यात बसत नाही. आयसीयूचे लाख देऊ, सुईचे चार हजार नाही, असा हिशोब कुठल्या पतपेढीत केला असता तर ऑडिटरनं बाहेर काढलं असतं.

---

दशांश

मुद्दल, एक भर. बाळांना लस दिली की घरातल्या म्हाताऱ्यांनाही थोडं संरक्षण मिळतं, कारण बाळाच्या नाकातलाच जंतू कमी होतो. अमेरिकेत २००० साली मुलांची लस सुरू झाल्यावर ज्येष्ठांमधला त्या प्रकारांचा आजारही घसरला. पण मग लसीत नसलेले प्रकार डोकं वर काढतात, म्हणून ७ ची १३ झाली, १३ ची २०.

---

निवांत

तोक्योतून, निशीकासाईहून. (हो, तेच ते 'मिनी इंडिया'.)

सासरे इथे आमच्याजवळ असतात. जपानमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये ज्येष्ठांसाठी ही २३ वाली लस नेहमीच्या कार्यक्रमात आली. वॉर्ड ऑफिसातून घरी पाकीट येतं, त्यात तुमचं नाव, फॉर्म, जवळच्या दवाखान्यांची यादी. पूर्ण फुकट असतेच असं नाही, थोडे पैसे आपले. पूर्वी ६५, ७०, ७५ अशा पाचाच्या टप्प्यावर त्या वर्षापुरती सवलत असे. आता एप्रिल २०२४ पासून ६५ व्या वर्षीच.

सासरे कोल्हापूरचे, मुळात कुणाचं ऐकणारे नव्हेत. पण पाकिटावर नाव छापलेलं, त्यात मुदत दिलेली. मुदत टळली तर सवलत जाते म्हटल्यावर स्वतः छत्री घेऊन गेले. मी एक शब्द बोलले नव्हते. अर्थात इथेही सगळे जातात असं नाही, पाकीट तसंच पडून राहणारी घरं भरपूर आहेत.

---

घड्याळवाडी

इंग्लंडमध्ये ६५ ला जीपीकडून (तिथले फॅमिली डॉक्टर) मेसेज येतो, लस एकदाच, फुकट. तिथे साधारण दहातले सात जण घेतात. माझ्या आत्याला विचारलं का घेतलीस, तर म्हणाली, "फ्लूची घ्यायला गेले होते, नर्सनं विचारलं दुसऱ्या हातात ही देऊ का, म्हटलं दे." एवढीच गोष्ट.

---

रानमेवा

तुमच्या सोसायटीत शिबिर तरी आहे. आमच्या चंदगड भागात बघा.

आईसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं. लस आहे, बाळांची. आशाताई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांस्नी न्हाई येत वो." गडहिंग्लजला मेडिकलवाल्याला सांगितलं, तो म्हणाला मागवून देतो पण आगाऊ पैसे द्या, घेतली नाही तर माझ्या गळ्यात. कोल्हापूर किंवा बेळगावहून बर्फाच्या डब्यातून येणार. दोन ते आठ अंशांत ठेवायची, गोठवायचीही नाही, आणि आमच्याकडे पावसात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. मग द्यायची कुणी? ज्या डॉक्टरांकडे मागवली त्यांनीच द्यायची, दुसऱ्याकडची लस टोचायला डॉक्टर तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.

आई आयुष्यभर चुलीपुढे बसलेली. बिडी कधी शिवली नाही, पण छाती बिडीवाल्यासारखी वाजते. तिला विचारलं, आई घेशील? म्हणाली, "तू एवढं फिरून आणलंस तर घेतो की." आमच्याकडे बायकासुद्धा 'घेतो'च म्हणतात. :) तिची तयारी एका वाक्यात झाली, आणायलाच सगळा वेळ गेला. म्हणून 'ज्येष्ठ तयार नसतात' हे ऐकलं की मला वाटतं, आधी समोर ठेवून तर बघा.

---

सोनटक्का

डॉक्टर, बाबा रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. चालेल का? आणि त्यांनी मागे कधीतरी २३ वाली घेतली आहे, चिठ्ठी सापडली.

---

बाराखडी

चालते. बारीक सुई वापरायला सांगा, नंतर त्या जागी काही मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. गोळी मनानं बंद करू नका. २३ वाली आधी झाली असेल तर निदान वर्ष जाऊ द्यायचं, मग कॉन्ज्युगेट. चिठ्ठी सापडली हे फार बरं झालं, नाहीतर पुष्कळांना काय घेतली तेच आठवत नाही. सर्वांना सांगतो, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर बीपीच्या फाइलमध्ये चिकटवून ठेवा.

रानमेवा, तुमच्या आईंना फ्लूचीही द्या, ती स्वस्त पडते आणि सहज मिळते. फ्लू झाला की श्वासनलिकेचं अस्तर सोलून निघतं आणि मागून न्यूमोकोकस शिरतो. १९१८ च्या साथीत माणसं मेली ती मोठ्या प्रमाणावर अशीच, फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं. दोन्ही लसी एकाच दिवशी दोन हातांत देता येतात.

---

जुनी_पोथी

रच्याकने (बाय द वे), ही लस किती जुनी आहे बघितलं का? १९११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत मजुरांवर पहिली मोठी चाचणी झाली. देशोदेशीचे तरुण मजूर एकेका खोलीत कोंबलेले, न्यूमोनियानं पटापट मरत. नंतर चाळिशीच्या दशकात चांगली लस तयारही झाली, पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं आणि डॉक्टरांनी लसीकडे पाठच फिरवली. औषध आहे तर टोचायचं कशाला? अमेरिकेच्या रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी मोजून दाखवलं की पेनिसिलिन मिळूनही पहिल्या काही दिवसांत माणसं मरतातच. ते पुन्हा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींकडे वळले आणि १९७७ मध्ये १४ प्रकारांची लस मंजूर झाली. म्हणजे या लसीला पहिला नकार डॉक्टरांनी दिलेला आहे, आजोबांनी नव्हे.

---

हिंगाष्टक

हे माहीत नव्हतं. खाणमजुरांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र राहतोच.

---

जुनी_पोथी

राहतोच. पूर्ण सहमत.

---

गवती_चहा

सगळ्यांचे आभार. अण्णांचा प्रतिसाद प्रिंट काढून बाबांना दिला, बाबांनी तो संघाच्या फलकावर लावला (नाव झाकून), आणि त्याखाली दोन दिवस गर्दी होती.

काय बदललं ते सांगते. व्याख्यान पुन्हा ठेवलं नाही. त्याच फिजिशियनना विनंती केली की रविवारी सकाळी नुसतं येऊन बसा, ज्याला यायचं तो आपली फाइल घेऊन येईल. फाइल म्हटल्यावर लोक आले, कारण शुगरचा रिपोर्ट दाखवायला कोणाला नको असतं? तिथे ते प्रत्येकाला वेगळं सांगत होते. एका काकांना तर म्हणाले, तुम्हाला घाई नाही, फ्लूची घ्या, ही पुढच्या वर्षी बघू. ते बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटले की डॉक्टर मला नको म्हणाले! त्यानंतर रांग वाढली. दशांश म्हणतात ते हेच असावं.

'आमच्या डॉक्टरांना विचारते' वाल्यांना एक छोटी चिठ्ठी दिली, आपल्या डॉक्टरांना दाखवायला. त्यात एवढंच, वय, आजार, आणि 'न्यूमोकोकल व फ्लूची लस द्यावी का?' बऱ्याच चिठ्ठ्या 'हो' लिहून परत आल्या. काही अजून पाकिटातच आहेत.

पैशासाठी संघानं ठोक भावात बोलणी केली, थोडे कमी झाले, फार नाही. काहींच्या मुलांना बाबांनी परस्पर निरोप पाठवला, आईवडिलांचं नाव न घेता, 'संघातर्फे सर्व सभासदांच्या मुलांस' असा. अण्णा, ही युक्ती तुमच्यामुळे सुचली. फोन त्यांना करावा लागला नाही.

एक्स्पायरीवाले आजोबा नाहीच म्हणाले. शांतपणे बसले, सगळं ऐकलं, आकडे विचारले, आणि नाही म्हणाले. वहीत त्यांच्या नावापुढे फुली नाही मारली, 'नको' असं त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मला त्यात गैर वाटत नाही. इतक्या नकारांत विचार करून दिलेला तो एकच असावा.

आणि आई. तिला मी काही पटवलं नाही. वहीत या वेळी नवराबायकोची एक ओळ न ठेवता माणशी एक ओळ केली, आणि बाबांना सांगितलं की तुमची ओळ शेवटी लिहिणार. ते ऐकून आई म्हणाली, "म्हणजे मी लिहिल्याशिवाय ह्यांना मिळणार नाही का?" मी म्हटलं, असंच काहीसं. तिनं लगेच सही केली. डावपेच आहे, मान्य. शेवंती, साबांच्या मोतीबिंदूसाठी वापरून बघ.

---

शेवंती

आजच वापरते =))

---

अण्णा_४९

मुलांना परस्पर निरोप, हे आवडलं. आमच्या संघातही करतो. मजकूर इथे टाका, आमच्याकडे टाइप करणारी लेक नाही.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहिलं. सौ. तयार झाल्या आहेत, पण डाव्या हाताला सांधेदुखी आहे आणि उजव्या हातानं पोळ्या लाटायच्या असतात. कुठल्या हातात घ्यावी?

---

बाराखडी

डाव्या. आणि दोन दिवस पोळ्या तुम्ही लाटा.

---

अण्णा_४९

बरं. पोळ्या बाहेरून आणतो.

---

गवती_चहा

अण्णा, निरोपाचा मजकूर:

"सप्रेम नमस्कार. संघातर्फे ६० वर्षांवरील सर्व सभासदांसाठी फ्लू व न्यूमोकोकल लसीकरण आयोजित केले आहे. लस कोणाला आवश्यक आहे हे डॉक्टर फाइल पाहून ठरवतील. खर्च माणशी आहे, जोडप्याचा नाही. आपल्या आई व वडील या दोघांसाठी रक्कम संघाच्या खात्यावर स्वतंत्रपणे भरावी. एकाचीच भरल्यास संघ कारण विचारेल. कळावे."

शेवटून दुसरं वाक्य आईनं घातलंय.